आरएचा एक आकडा पुरत नाही: खडबडीत धातूवर आयनांचा मारा

धातूवर आयनांचा मारा या विषयावरचे प्रबंध चाळायला घेतलेत, तर नमुने तयार करण्याच्या प्रकरणात एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटेल. नमुने एमरी पेपरने घासले, डायमंड पेस्टने पॉलिश केले, सरासरी खडबडीतपणा म्हणजे आरए इतके नॅनोमीटर आला. पूर्णविराम. पुढे शंभर पानं ऊर्जा, कोन, डोस आणि ग्राफ. आरएचा तो आकडा पुढच्या गणितात कुठेच येत नाही. निकाल सिद्धांताशी जुळला नाही की शेवटच्या प्रकरणात मात्र तो अचानक आठवतो: "हा फरक पृष्ठभागाच्या खडबडीतपणामुळे असावा."

आजचा लेख या "असावा"वर आहे. तुम्ही पेट देऊन नुकतेच संशोधनाला लागला असाल, किंवा नेट-सेटची तयारी करत असाल, तर हा प्रश्न तुमच्या कामाचा आहे. व्हायवाला कुणी विचारलं, "खडबडीतपणामुळे म्हणजे नक्की कशामुळे? वाढ का झाली, घट का नाही?" तर उत्तर काय देणार? माझं म्हणणं एका वाक्यात असं: खडबडीतपणाचा परिणाम उंचीवर ठरत नाही, उतारावर ठरतो, आणि आरए उताराबद्दल एक अक्षर सांगत नाही.

आधी थोडी उजळणी

वेगवान आयन धातूवर आदळला की आतल्या अणूंमध्ये धक्क्यांची साखळी सुरू होते. कॅरममध्ये स्ट्रायकरने सोंगट्या फुटतात तसं, फक्त तीन मितींमध्ये. त्यातला एखादा धक्का पृष्ठभागाकडे परत येतो आणि तिथला अणू बाहेर फेकला जातो. हे स्पटरिंग. वायूच्या नळीत विद्युत विसर्ग करताना धातू झिजतो, ही नोंद विल्यम ग्रोव्ह यांनी १८५२ मध्येच केली होती. एका आयनामागे सरासरी किती अणू बाहेर पडतात, त्याला स्पटरिंग यील्ड म्हणतात. ५०० इलेक्ट्रॉन व्होल्टचा अरगॉन सरळ तांब्यावर सोडला तर यील्ड सुमारे २ ते २.५ येतं. टंगस्टनवर तेच अर्ध्याच्या आसपास.

आता कोन. आयन सरळ न येता तिरका आला, तर तो आपली ऊर्जा पृष्ठभागाच्या जवळ टाकतो, म्हणून यील्ड वाढतं. लंबापासून साधारण ६० ते ८० अंशांपर्यंत ते वाढत जातं, मग आयन नुसतेच घसरून परावर्तित व्हायला लागतात आणि ते झपाट्याने कोसळतं. ढोबळ हिशेबासाठी, शिखर येईपर्यंत, यील्ड कोनाच्या कोसाईनच्या व्यस्त प्रमाणात वाढतं असं धरतात.

इथपर्यंत सगळ्या पाठ्यपुस्तकांत आहे. पण पुस्तकातला कोन सपाट पृष्ठभागाशी मोजलेला असतो. तुमचा नमुना सपाट नाही. मग मशीनवर लावलेला कोन आणि अणूंना प्रत्यक्ष दिसणारा कोन एकच कसा असेल?

सरी आणि वरंबे

आमच्या इस्लापूर भागात सरी-वरंबे कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत, म्हणून तेच उदाहरण घेऊ. समजा धातूच्या पृष्ठभागावर अगदी नियमित, त्रिकोणी सरी-वरंबे आहेत. सरीच्या तळापासून वरंब्याच्या माथ्यापर्यंत उंची १० नॅनोमीटर. अशा त्रिकोणी रचनेचा आरए उंचीच्या एक चतुर्थांश, म्हणजे २.५ नॅनोमीटर येतो.

पहिल्या नमुन्यात दोन वरंब्यांमधलं अंतर १००० नॅनोमीटर आहे. उतार निघतो जेमतेम १.१५ अंश. दुसऱ्या नमुन्यात तेच अंतर २० नॅनोमीटर आहे. उतार ४५ अंश. दोन्हींचा आरए तंतोतंत सारखा. प्रबंधात दोन्हींसाठी तुम्ही एकच आकडा लिहाल.

आता वरून सरळ आयन सोडा. पहिल्या नमुन्यात आयनाला दिसणारा स्थानिक कोन १.१५ अंश, म्हणून यील्डमधली वाढ ०.०२ टक्के. कुठल्याही उपकरणाला ती दिसणार नाही. दुसऱ्या नमुन्यात स्थानिक कोन ४५ अंश, आणि बाहेर फेकल्या जाणाऱ्या अणूंमध्ये वाढ ४१ टक्के. एक नमुना आरशासारखा वागतो, दुसरा करवतीसारखा, आणि आरए दोघांना एकाच रांगेत बसवतो.

तिरक्या माऱ्यात तर गंमत आणखी वाढते. मशीनवर ८० अंश लावा. दुसऱ्या नमुन्यात बीमकडे तोंड करून असलेल्या उतारावर स्थानिक कोन ८० वजा ४५, म्हणजे ३५ अंश. पाठीमागचा उतार पूर्ण सावलीत. सकाळच्या कोवळ्या उन्हात वरंब्याची एकच बाजू उजळते, तसंच. म्हणजे तुम्ही लावले ८० अंश, धातूला दिसले ३५. सपाट पृष्ठभागाचा यील्ड-कोन आलेख जिथे शिखरावर जातो किंवा कोसळतो, तिथे खडबडीत नमुन्याचा आलेख निवांत सपाट चालतो. हे बघून पुष्कळ जण "आमचा गोनिओमीटर बिघडला असेल" म्हणतात. तो बिघडलेला नसतो.

वाढ झाली की घट? दोन्ही बरोबर असू शकतं

"खडबडीतपणामुळे यील्ड वाढतं" असं काही ठिकाणी वाचाल, "घटतं" असं काही ठिकाणी. दोघांकडेही मोजमाप असतं. वाद कशामुळे, ते वरच्याच सरी-वरंब्यात सापडतं.

बाहेर फेकलेला अणू नेहमी सुटतोच असं नाही. समोरच्या वरंब्यावर आदळून तो तिथेच चिकटू शकतो. याला रीडिपॉझिशन म्हणतात. पावसाने वरंब्याची माती सुटते, पण शेताबाहेर न जाता सरीतच बसते, तसं. अणू कोसाईन नियमाने चहूकडे उडतात आणि समोर आदळलेला प्रत्येक अणू चिकटतो असं मानलं, तर ४५ अंशांच्या उतारांमधल्या सरीतून सुमारे ७१ टक्के अणूच बाहेर निसटतात. आता गुणाकार करा: १.४१ गुणिले ०.७१. उत्तर १.

म्हणजे ४१ टक्के जास्त अणू सुटले, आणि त्यातले बरोबर तेवढेच अडकले. निव्वळ परिणाम शून्य. आणि हे फक्त ४५ अंशांपुरतं नाही. या साध्या मॉडेलमध्ये यील्ड कोसाईनच्या व्यस्त प्रमाणात वाढतं आणि निसटण्याचं प्रमाण त्याच कोसाईनइतकं असतं, म्हणून दोन्ही कुठल्याही उतारावर एकमेकांना छेदतात. कागदावर करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

मग प्रयोगात फरक दिसतो तो कुठून येतो? साध्या मॉडेलपासून धातू जिथे ढळतो, तिथून. कोनाबरोबर यील्ड साध्या व्यस्त कोसाईनपेक्षा जोरात वाढत असेल, तर मध्यम उतारावर निव्वळ वाढ राहते. झिग्मुंड यांच्या सिद्धांतातला पाच-तृतीयांश घात घेतला तर ४५ अंशांना सुमारे २६ टक्के. उतार फारच उभा असेल, समजा ७५ अंश, तर सरीतून निसटतात फक्त २६ टक्के अणू. मग आत यील्ड दुप्पट झालं तरी हाती निम्मंच येतं. वाढही खरी, घटही खरी. उतार किती होता, हे न सांगता यातलं एकच वाक्य लिहिणं चूक.

तीन कामं, जरा तपासून

पहिलं काम झिग्मुंड यांचं, १९६९ चं. स्पटरिंगचा आजचा सगळा हिशेब या पायावर उभा आहे. पण त्याची गृहीतकं लक्षात ठेवा: पदार्थ अस्फटिक, पृष्ठभाग सपाट. १९७३ मध्ये झिग्मुंड यांनीच दाखवलं की पृष्ठभाग वक्र असेल तर खळग्याच्या तळाला माथ्यापेक्षा जास्त ऊर्जा मिळते, म्हणून खळगा आणखी खोल होतो. म्हणजे मारा स्वतःच खडबडीतपणा वाढवतो. १९८८ मध्ये ब्रॅडली आणि हार्पर यांनी याला पृष्ठभागावरच्या अणूंच्या विसरणाची जोड दिली आणि तिरक्या माऱ्यात नियमित लहरी का उमटतात, याचं सुंदर स्पष्टीकरण दिलं.

सुंदर आहे, पण धातूला ते जसंच्या तसं लावणं धोक्याचं. धातू स्फटिक असतात. इटलीतल्या जिनोआच्या गटाने १९९० च्या दशकात चांदी आणि तांब्याच्या एकस्फटिकांवर दाखवलं की लहरींची दिशा आयन कुठून येतात एवढ्यावर ठरत नाही. तापमान आणि स्फटिकाची दिशाही ती ठरवतात. अणूंना पायरीवरून खाली उतरायला जास्त ऊर्जा लागते, हा धातूंचा गुण ब्रॅडली-हार्परच्या समीकरणात नाही. तरी धातूच्या नमुन्यावर लहरी दिसल्या की लगेच "ब्रॅडली-हार्पर प्रमाणे" असं लिहून मोकळं व्हायची सवय आहे. सिद्धांत कशासाठी बांधला होता, हे आधी वाचायला हवं.

दुसरं काम जर्मनीतल्या गार्शिंगच्या प्लाझ्मा भौतिकी संस्थेचं. कुस्टनर, एकस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ग्राफाईटच्या खडबडीत पृष्ठभागाचा एसटीएमने उंच-सखल नकाशा घेतला, त्यावरून स्थानिक कोनांचं वितरण काढलं आणि ते यील्डच्या हिशेबात घातलं. पुढच्या वर्षी बेरिलियमवरही काम केलं. मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे: खडबडीतपणा त्यांनी शेवटच्या प्रकरणातली सबब म्हणून नाही, तर गणिताची सुरुवात म्हणून घेतला. मर्यादाही आहे. सुईला जे दिसत नाही, ते नकाशात येत नाही. उभी भिंत किंवा वर झुकलेली कड कुठल्याही स्कॅनिंग सुईला पूर्ण वाचता येत नाही, आणि नेमक्या अशाच जागी सावली आणि रीडिपॉझिशन जास्त असतं.

तिसरं काम व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठाचं, २०२१ चं. कुपाक, साबो आणि सहकाऱ्यांनी टंगस्टनचे वेगवेगळ्या खडबडीतपणाचे थर घेतले, त्यांवर २ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टचा अरगॉन सोडला, आणि वस्तुमानातली घट क्वार्ट्झच्या मायक्रोबॅलन्सने जागच्या जागी मोजली. निष्कर्ष असा की आरएमएस उंचीपेक्षा पृष्ठभागाचा सरासरी उतारकोन यील्डमधला बदल कितीतरी चांगला सांगतो. इतकी वर्षं प्रत्येक जण आपापला आरए छापत होता आणि एकाचा निकाल दुसऱ्याशी जुळत नव्हता. या कामाने तुलनेला एक सामाईक माप दिलं. धातूवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हा पेपर वाचावाच.

पण इथेही एक प्रश्न सोडू नका. उतारकोन ही पृष्ठभागाची पक्की मालमत्ता नाही. तुम्ही किती बारकाईने बघता त्यावर तो बदलतो. सहस्रकुंडचा काळा खडक लांबून सपाट दिसतो, जवळ गेलं की पाय ठेवायला जागा शोधावी लागते. एएफएमवर १० मायक्रोमीटरचा स्कॅन २५६ पिक्सेलमध्ये घेतलात, तर एक पिक्सेल ३९ नॅनोमीटरचा. वरचा २० नॅनोमीटर अंतराचा करवती नमुना त्यात दिसणारच नाही. उलट पिक्सेल फार बारीक केला तर उपकरणाचा आवाजच उतार म्हणून मोजला जाईल. आणि आयनाची धक्क्यांची साखळी काही नॅनोमीटरची असते. तिच्याहून बारीक चढउतारांना स्थानिक कोन ही कल्पनाच लागू होत नाही. म्हणून सरासरी उतारकोन लिहिताना तो कोणत्या पिक्सेलवर मोजला, हे लिहिलं नाही, तर आपण आरएचीच चूक नव्या नावाने करतो.

स्रिमला दोष देऊ नका, पण त्याला ओळखा

आपल्यापैकी बहुतेकांची सुरुवात स्रिमने होते. फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं, सुंदर चित्रं काढतं. पण स्रिममधला पृष्ठभाग काचेहून सपाट आणि पदार्थ अस्फटिक असतो. शिवाय प्रत्येक नवा आयन कोऱ्या, न झिजलेल्या पृष्ठभागावर येतो. आधीच्या आयनांनी काय केलं, हे त्याला माहीत नसतं. म्हणून स्रिमचा आकडा आणि तुमचं मोजमाप यांत ३० टक्के फरक आला, तर त्यात खडबडीतपणाचा वाटा किती, पृष्ठभागाच्या बंधनऊर्जेच्या निवडीचा किती, आणि कणांच्या स्फटिकदिशेचा किती, हे वेगळं काढल्याशिवाय "असावा" लिहायचा अधिकार आपल्याला नाही.

मोजलेला पृष्ठभाग उरतो का?

आता सर्वांत अवघड मुद्दा. समजा तांब्यावर प्रति चौरस सेंटिमीटर १० चा १७ वा घात इतके आयन सोडले. प्रति चौरस सेंटिमीटर १ मायक्रोअँपिअरच्या बीमला याला साधारण साडेचार तास लागतात. यील्ड २ धरलं, तर सुमारे २३ नॅनोमीटर जाडीचा थर निघून जातो. सुरुवातीचा आरए २.५ नॅनोमीटर होता ना? तो ज्या थरावर होता, तो थरच आता नमुन्यावर नाही. त्याच्या जागी आलेला पृष्ठभाग माऱ्याने घडवलेला आहे. आणि बहुस्फटिकी तांब्यात प्रत्येक कण आपापल्या दिशेनुसार वेगळ्या वेगाने झिजतो, त्यामुळे कणांच्या सीमेवर नव्या पायऱ्या तयार होतात.

म्हणजे कमी डोसला सुरुवातीचा खडबडीतपणा महत्त्वाचा, जास्त डोसला माऱ्याने तयार झालेला. तुमचा प्रयोग यातल्या कुठल्या टोकाला आहे, ते आधी ठरवा. तो २३ नॅनोमीटरचा हिशेब पाठीमागच्या पानावर करायला एक मिनिट लागतं.

हे सगळं कुणासाठी?

मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याने हे का बघायचं? आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडियाची वेधशाळा होणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. लायगोच्या आरशांवरचे परावर्तक थर आयन बीम स्पटरिंगनेच चढवलेले असतात. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या इटर या संलयन प्रकल्पात भारत सात भागीदारांपैकी एक आहे, आणि तिथे प्लाझ्माचा मारा सोसणारा डायव्हर्टर टंगस्टनचा आहे. तो किती काळ टिकेल, याचा अंदाज सपाट टंगस्टनच्या आकड्यांवर बांधला तर चुकेल, कारण भट्टीतला पृष्ठभाग कधीच आरशासारखा राहत नाही.

आणि त्याहून जवळचं कारण आहे. नांदेड किंवा लातूरहून दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरला जाणाऱ्या विद्यार्थ्याला बीमचा वेळ मोजून मिळतो. रात्रभर जागून नमुने बदलायचे, परत यायचं, आणि सहा महिन्यांनी कळायचं की सुरुवातीचा नकाशाच नीट घेतला नव्हता. तो नमुना आता झिजला, तो पृष्ठभाग परत मिळणार नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा रांग.

म्हणून निघण्याआधी एवढं करा. प्रत्येक नमुन्याचे एएफएम स्कॅन किमान दोन मापांवर घ्या: एक १० मायक्रोमीटर, एक १ मायक्रोमीटर. चित्र नको, कच्ची फाइल जपून ठेवा. चित्रावरून उतार निघत नाही. ग्विडिऑन हे मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि त्यातून उताराचं वितरण काढा. सुईच्या टोकाची त्रिज्या लिहून ठेवा, बहुधा १० नॅनोमीटरच्या आसपास असते, आणि त्याहून बारीक दरीबद्दल दावा करू नका. एक नमुना मारा न करता तसाच ठेवा. मारा झाल्यावर तेच स्कॅन त्याच मापांवर पुन्हा घ्या. शक्य असेल तर एकच धातू दोन वेगवेगळ्या उतारांचा करून न्या, आरए मात्र जवळपास सारखा ठेवा. तुमचं यील्ड त्या दोन नमुन्यांत वेगळं आलं, तर शेवटच्या प्रकरणात "असावा" लिहायची गरज उरणार नाही. तिथे "आहे" लिहिता येईल, आणि शेजारी कोन अंशांमध्ये.